सिगारची ओढ आणि विडीची छाट : हाताने वळलेल्या तंबाखूच्या एका दोषाचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

तंबाखूच्या इतिहासाचा विचार सामान्यतः पीक, व्यापार, कर आणि आरोग्य या चार अंगांनी केला जातो. ही चारही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु तंबाखू ओढण्यायोग्य होते ती कोणाच्या तरी हाताने वळली गेल्यावर, आणि या हाताच्या कामाचा इतिहास मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या इतिहासाकडे एका अगदी लहान वाटणाऱ्या दोषाच्या द्वारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तो दोष म्हणजे ‘घट्ट ओढ’. सिगार असो, चिरूट असो वा विडी असो, ती प्रमाणाबाहेर घट्ट वळली गेली तर झुरका घेताना धूर सहज येत नाही, गाल बसेपर्यंत ओढावे लागते आणि अखेरीस ती विझते. उंची सिगार ओढणाऱ्यास हा दोष रसभंग वाटतो. सोलापूर, सिन्नर, निपाणी किंवा गोंदिया येथील विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र हाच दोष तिच्या दिवसाच्या मजुरीतून वजा होतो.

दोष एकच असताना त्याचा भुर्दंड एके ठिकाणी उत्पादकाने सोसावा आणि दुसरीकडे तो कामगाराच्या पदरी पडावा, असे का झाले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. माकणी, लोहारा, उमरगा हा आमचा परिसर सोलापूर–हैदराबाद रस्त्याच्या आसऱ्याने वाढलेला आहे. सोलापूर हे या भागाचे बाजाराचे, दवाखान्याचे आणि रोजगाराचे शहर. त्यामुळे विडी कामगारांचा प्रश्न येथील अभ्यासकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही.

निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) दख्खनमधील धूम्रपानाच्या साधनांचा संक्षिप्त आढावा घेणे. २) उंची सिगार व विडी यांची रचना, घट्ट ओढीची कारणे व उपाय यांची तुलना करणे. ३) विडी उद्योगातील ‘छाट’ पद्धतीचा कायदेशीर इतिहास तपासणे. ४) कामाची जागा आणि दोषाची जबाबदारी यांतील संबंध स्पष्ट करणे.

१. दख्खन आणि तंबाखू

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगिजांनी ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती दख्खनच्या दरबारांत रुळली होती. मोगल दरबारात ती पोहोचली ती विजापूरहून, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. अकबराने विजापूरला पाठविलेला वकील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास परतताना इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि मीनाकारी केलेला एक सुंदर हुक्का बादशहासमोर ठेवला. बादशहाने काही झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली आणि आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही ती वस्तू सेवन करावी की नाही, यावर दरबारात वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. परंतु तोपर्यंत व्यसन दरबाराच्या भिंतीबाहेर गेले होते.

गोव्यात सतराव्या शतकात ब्राझीलमधील बाहिया येथून तंबाखू येत असे आणि तिच्या विक्रीचा मक्ता हे पोर्तुगीज सत्तेच्या उत्पन्नाचे एक साधन बनले. खेडोपाडी मात्र चिलीम, गुडगुडी, चुना-तंबाखू, तपकीर आणि मिश्री ही साधने रूढ झाली. या साऱ्या साधनांत एक समान गोष्ट आहे. चिलमीत तंबाखू किती आणि किती दाबून भरायची, हे ओढणारा स्वतः ठरवितो. चिलीम कोंदली तर तोच ती उलटी करून ठोकतो आणि पुन्हा भरतो. दोष करणारा आणि दोष सोसणारा एकच असल्यामुळे तेथे तक्रारीचा प्रश्न उद्‌भवत नाही. तंबाखू दुसऱ्याच्या हाताने वळून विकली जाऊ लागली तेव्हाच ‘ही नीट वळलेली नाही’ या वाक्याला अर्थ आला, आणि ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्माण झाला.

२. चिरूट, सिगार आणि विडी : रचनेची तुलना

‘चिरूट’ हा शब्द तमिळ भाषेतील ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेली वस्तू या शब्दापासून आला आहे. इंग्रजी अमदानीत त्रिचनापल्ली आणि दिंडीगल येथील चिरूट प्रसिद्ध होते. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीतील शेरलॉक होम्स केवळ राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो, यावरून त्याची ख्याती लंडनपर्यंत पोहोचली होती हे दिसते. चिरुटाची दोन्ही टोके कापलेली असतात. त्यामुळे त्यातून हवा मोकळी वाहते.

उंची सिगारची रचना याहून गुंतागुंतीची आहे. तिच्यात तीन थर असतात : आतील भरण, ते धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि वरचे तलम वेष्टनपान. तोंडाकडील टोक पानाच्या टोपीने बंद केलेले असते आणि ओढण्यापूर्वी ते कापावे लागते. भरणात अखंड लांब पाने असतात. क्युबातील कसबी कारागीर प्रत्येक पान स्वतंत्रपणे नळीसारखे वळवून अशा नळ्यांची जुडी करतात, जेणेकरून हवेला टोकापासून टोकापर्यंत वाट राहते. दुसऱ्या, जलद पद्धतीत पाने पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक ठेवून एकदम गुंडाळतात. या पद्धतीत वेळ वाचतो. पण एखाद्या जागी घड्या जास्त बसल्या तर वाट अडते.

आकारानेही फरक पडतो. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. क्युबाच्या ‘कोहिबा’ या मानाच्या नाममुद्रेतील ‘लान्सेरो’ ही सिगार १९२ मिलिमीटर लांब आणि ३८ मापाची, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर जाड असते. तर त्याच नाममुद्रेची ‘रोबुस्टो’ १२४ मिलिमीटर लांब आणि ५० मापाची, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाड असते. रोबुस्टोचा छेद लान्सेरोच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे आणि लांबी दोन-तृतीयांशाहूनही कमी. वाट जितकी लांब आणि अरुंद तितका हवेला होणारा रोध जास्त. म्हणून तीच पाने, तोच कारखाना आणि तोच हात असूनही बारीक सिगारमध्ये एका पानाची चूक ओढ बिघडविते, ती जाड सिगारमध्ये निभावून जाते. दोन उंची सिगारींची तुलना करताना केवळ चवीचा विचार करणारे या गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष करतात.

विडीत भरण आणि वेष्टन असे दोनच भाग असतात. पाव ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जर्दा तेंदूच्या पानात गुंडाळून, रुंद टोकाची कड आत दुमडून ती दोऱ्याने बांधतात. पाने भिजवून मऊ करणे, पत्र्याच्या मापाने ती कातरणे, मांडीवरील सुपात जर्दा घेऊन तो पानावर सारखा पसरणे, वळणे, तोंड मोडणे आणि दोरा गुंडाळणे, ही सर्व कामे काही सेकंदांत उरकावी लागतात, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. हवानाचा कारागीर आकारानुसार दिवसाला शंभराच्या आसपास सिगारी वळतो. सोलापूरच्या स्त्रीकडून दिवसाला हजार विड्यांची अपेक्षा असते. विडीचा व्यास इतका लहान असतो की लान्सेरोला जी अडचण आहे ती येथे कितीतरी पटीने वाढते. जर्द्यातील एखादी काडी किंवा बोटाचा किंचित जास्त दाब एवढ्यानेही विडी कोंदते.

३. घट्ट ओढीची कारणे आणि उपाय

घट्ट ओढीची कारणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण भरणाचे : तंबाखू प्रमाणाबाहेर भरणे, पान पिळले जाऊन गाठ होणे किंवा देठ मध्ये राहणे. दुसरे कारण ओलाव्याचे. तंबाखूचे पान हवेतील दमट शोषून फुगते आणि मोकळी जागा भरून टाकते. उंची सिगार साधारणतः ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. मुंबईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या सिगारीची ओढ घट्ट होते, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तीच सिगार कोरडी पडून तिचे वेष्टन तडकते. तिसरे कारण ओढणाऱ्याच्या हाताळणीचे : टोपी पुरेशी न कापणे किंवा कापताना टोक चिरडणे.

यांवरील उपायही त्याच क्रमाने सुचतात. पेटविण्यापूर्वी थंड झुरका घेऊन ओढ तपासावी. टोपी थोडी अधिक कापून पाहावी. सिगार बोटांत हलकेच फिरवून गाठ असलेली जागा चाचपावी आणि तेथे सौम्य दाब द्यावा. ओलाव्याचा संशय असल्यास ती एक-दोन दिवस कोरड्या पेटीत ठेवावी. गाठ न सुटल्यास बारीक सळईने मध्यातून वाट करावी. सळई घुसविताना वेष्टन फाटण्याचा धोका असतो, म्हणून हा शेवटचा उपाय मानतात.

विडी ओढणाराही याच गोष्टी करतो, फक्त त्यांना कोणी शास्त्राचे नाव दिलेले नाही. तो विडी पेटविण्यापूर्वी तिच्यात फुंकर मारतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती फिरवून मोकळी करतो, पावसाळ्यात बंडल चुलीजवळ ठेवतो. कारखान्यातही वळलेल्या विड्या भट्टीत शेकूनच बांधल्या जातात, त्या ओलावा जाण्यासाठीच. एवढे करूनही विडी न ओढली गेल्यास तो ती फेकून दुसरी काढतो. येथपर्यंत दोन्ही जगांत फारसा फरक नाही. फरक दिसतो तो दोष कारखान्यातच लक्षात आल्यावर काय घडते, या ठिकाणी.

४. हवाना : दोष आणि त्याची किंमत

हवानाच्या तंबाखू उद्योगाचा इतिहास गौरवाचा म्हणून सांगितला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे गुलाम आणि करारबद्ध चिनी मजूरही राबत होते आणि क्युबातील गुलामगिरी १८८६ मध्ये संपुष्टात आली, हे विसरता कामा नये. याच कारखान्यांत १८६५ पासून एक वेगळी प्रथा सुरू झाली. कारागीर वळत असताना एक वाचक उंच आसनावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचीत असे आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मिळकतीतून देत. सत्ताधाऱ्यांनी वर्षभरातच या वाचनावर बंदी घातली. पण प्रथा मेली नाही. एका छताखाली बसून ऐकणारा आणि चर्चा करणारा कामगारवर्ग यातून घडला.

क्रांतीनंतर १९६० मध्ये या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक मालक देशाबाहेर गेले आणि डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा येथे उंची सिगारींचे नवे कारखाने उभे राहिले. क्युबात कोहिबाचे उत्पादन १९६६ मध्ये एल लागीतो येथे सुरू झाले आणि त्या कारखान्यात सुरुवातीस वळण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे होते.

उंची सिगारच्या दर्जाचा प्रश्न पुढे दोनदा गाजला. १९८९ मध्ये झिनो डेव्हिडॉफ यांनी क्युबातून आलेल्या आपल्या नावाच्या, पण दर्जास न उतरलेल्या एक लाखाहून अधिक सिगारी जाहीरपणे जाळल्या आणि त्यांच्या कंपनीने पुढे उत्पादन डोमिनिकन प्रजासत्ताकात हलविले. नंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागणी भरमसाट वाढली, क्युबाने उत्पादन घाईने वाढविले, नवशिके हात कामाला लागले आणि घट्ट ओढीच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. त्यावर २००० नंतरच्या काळात कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे बसविण्यात आली. वरचे वेष्टनपान चढविण्यापूर्वीच जुडीतून हवा ओढून रोध मोजायचा आणि जुडी घट्ट निघाल्यास ती उकलून पुन्हा बांधायची, अशी ही पद्धत आहे.

या घटनाक्रमात तीन गोष्टी दिसतात. पहिली, दोषाची तक्रार ग्राहकाने केली आणि ती ऐकली गेली. दुसरी, दोषाचे मूळ घाई आणि अपुरे प्रशिक्षण यांत आहे, म्हणजे व्यवस्थापनाच्या निर्णयात आहे, हे मान्य झाले. तिसरी, दोष मोजण्याचे साधन डोळ्यांना दिसणारे आणि कारागिरालाही पडताळता येणारे होते.

५. छाट : विडी उद्योगातील दोषाचा हिशेब

विडी उद्योगाची वाढ विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. १९०५ ची स्वदेशी चळवळ आणि १९२० चे असहकार आंदोलन यांनी परदेशी सिगारेटीऐवजी देशी विडीला चालना दिली. विदर्भातील गोंदिया-भंडारा भागाला तेंदूपानाची जंगले जवळ होती. निपाणी परिसरात विडीच्या तंबाखूचे पीक होते. नाशिक जिल्ह्यात सिन्नर हे मोठे केंद्र झाले. सोलापूरची स्थिती निराळी होती. तेथे १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली आणि तेलंगणातून, म्हणजे तत्कालीन निजामी मुलखातून, पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने आली. पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीवर, अशी घरातल्या घरात कामाची वाटणी झाली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तशी विडीची जोड कमाई अनेक घरांत मुख्य कमाई झाली.

या उद्योगात ‘छाट’ हा शब्द सर्वत्र रूढ आहे. कामगार वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन देतो; तेथील तपासनीस त्या हाताळून घट्ट, सैल, आखूड, तोंड नीट न मोडलेल्या विड्या बाजूला काढतो; आणि बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. सिगारच्या जुडीप्रमाणे त्या उकलून पुन्हा बांधण्याची संधी येथे नसते. पान, जर्दा आणि श्रम तिन्ही एका नजरेच्या निर्णयावर खर्ची पडतात. विडी घट्ट झाली याचे कारण पान जाड आले, जर्द्यात काड्या होत्या किंवा पाने मोजकीच दिल्याने प्रत्येक पान ओढून-ताणून वापरावे लागले, असे असू शकते. हा कच्चा माल कारखान्याने दिलेला असतो. तरीही दोष हाताचा मानला जातो. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीच्या वतीने विडी, सिगार व सिगारेट उद्योगांवरील अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे या धंद्यातील कामगारांच्या स्थितीची अधिकृत दखल स्वातंत्र्यापूर्वीच घेतली गेली होती, असे म्हणता येते.

६. छाट न्यायालयात

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत छाटेचा प्रश्न वारंवार न्यायालयात गेला, आणि त्यातील महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातील आहेत. नागपूर येथील विडी कारखानदार बिरधीचंद शर्मा यांच्या प्रकरणात (१९६०-६१) मुख्य प्रश्न असा होता की, आपल्या सोयीने येणारा-जाणारा आणि नगावर मजुरी घेणारा विडी कामगार हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. काम चालू असताना देखरेख नसली तरी दिवसाच्या शेवटी दर्जास न उतरलेल्या विड्या नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे आणि तेच त्याचे नियंत्रण होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ज्या छाटेने मजुरी कापली जात होती, तीच छाट या ठिकाणी कामगार असल्याचा पुरावा ठरली. मात्र लगेचच शंकर बाळाजी वाजे यांच्या प्रकरणात (१९६१) न्यायालयाने बहुमताने उलट निष्कर्ष काढला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. एकाच प्रकारच्या कामाविषयी दोन निर्णय आल्याने कायद्यातील पोकळी उघड झाली.

दुसरा प्रश्न छाटेच्या मर्यादेचा होता. विदर्भातील विडी कामगारांसाठी तत्कालीन मुंबई सरकारने १९५८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली आणि तीत मजुरीच्या दरांबरोबर छाट कशी ठरवावी व वाद झाल्यास तो कोणी सोडवावा, याविषयीची कलमेही घातली. गोंदियाच्या विडी, विडीपान व तंबाखू व्यापारी संघाने त्यांना आव्हान दिले. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार ही कलमे रद्द ठरली. किमान वेतन कायद्याने सरकारला वेतन ठरविण्याचा अधिकार दिला आहे, नाकारलेल्या मालाविषयीचे वाद सोडविण्याचा नाही, असे त्यामागील कारण होते. कायद्याच्या चौकटीत हा निर्णय सुसंगत होता. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम असा की, दर हजारी मजुरी कागदावर वाढली तरी त्या हजारांतून किती विड्या मोजायच्या हे ठरविणारा हात पूर्ववत मोकळा राहिला.

ही उणीव १९६६ च्या विडी व सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियमाने भरून काढली. त्याच्या कलम ३९ मध्ये कच्च्या मालाचा पुरवठा, माल नाकारणे आणि नाकारलेल्या मालाची मजुरी, या तिन्ही बाबींवरील वाद राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे झटपट पद्धतीने सोडविण्याची तरतूद आली. कच्चा माल आणि छाट एकाच कलमात एकत्र ठेवले गेले, हे विशेष अर्थपूर्ण आहे. कारण वाईट पान आणि वाईट विडी यांचा संबंध कायद्याने प्रथमच मान्य केला. या कायद्याखाली काही राज्यांनी केलेल्या नियमांत सामान्यतः शेकडा ५ हून अधिक छाट काढू नये आणि कामगाराचा हेतुपुरस्सर निष्काळजीपणा नसेल तर नाकारलेल्या मालालाही निम्म्या दराने मजुरी द्यावी, अशी योजना होती. मंगलोर गणेश बिडी वर्क्स प्रकरणात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

कायद्याच्या शीर्षकात विडी आणि सिगार शेजारी आहेत, याचेही कारण येथे समजते. बाजारात या दोन वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी दोन्ही हाताने वळल्या जातात, दोहोंची मजुरी नगावर असते आणि दोहोंत माल नाकारण्याचा अधिकार हाच मालकाच्या सत्तेचा गाभा असतो. कोहिबाचा आरंभ आणि हा भारतीय कायदा या दोन्ही घटना १९६६ च्याच असाव्यात, हा निव्वळ योगायोग आहे. परंतु तुलनेसाठी तो सोयीचा आहे.

७. कामाची जागा आणि दोषाची जबाबदारी

कायदा झाला, तरी त्याने अपेक्षिलेला परिणाम सर्वत्र झाला नाही. कारखान्यात कामगार बसविल्यास जागा, पाणी, पाळणाघर, सुटी हे सर्व द्यावे लागणार, म्हणून अनेक मालकांनी काम घरोघर देण्याची ‘घरखाता’ पद्धत आणि सट्टेदारामार्फत काम करून घेण्याची पद्धत वाढविली. या कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही संरक्षण दिले होते. तरी व्यवहारात कामगार एकमेकांपासून विखुरले गेले.

येथे केरळमधील कण्णूरचा अनुभव उद्‌बोधक ठरतो. तेथील विडी कामगार एकत्र बसून काम करीत आणि त्यांच्यापैकी एक जण सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. हवानाच्या वाचकाची ही प्रथा आपल्याच देशात स्वतंत्रपणे रुजलेली दिसते. १९६८ मध्ये केरळात हा कायदा लागू होताच मोठ्या मालकाने तेथील काम बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश’ ही सहकारी संस्था उभी केली. तेथे माल तपासणारी संस्थाच कामगारांची असल्यामुळे छाटेचा प्रश्नच वेगळ्या स्वरूपात उभा राहिला.

सोलापुरात संघटना दुबळ्या होत्या असे नाही. विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यांतूनच कुंभारी येथे कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती घरे स्त्रियांच्या ताब्यात आली. मजुरी, घर, भविष्य निर्वाह निधी यांसाठी मोर्चा काढता येतो, कारण या मागण्या सर्वांच्या सारख्या असतात. छाट मात्र प्रत्येकीची वेगळी असते. ती रोज, खिडकीशी, एकेकीच्या सुपातून निघते. तपासनिसाशी भांडावे तर उद्या पाने वाईट मिळण्याची धास्ती असते. शंभरातील पाच की दहा, हा वाद करण्यासाठी कोणी दिवसभराची मजुरी बुडवून अधिकाऱ्याकडे जात नाही. म्हणून कलम ३९ असूनही छाटेचे वाद कागदावर येण्याचे प्रमाण आणि प्रत्यक्षातील छाट यांत मोठी तफावत राहणे स्वाभाविक होते. नियंत्रणाचे जे साधन न्यायालयाला बिरधीचंद प्रकरणात दिसले, ते घरखात्यात नाहीसे झाले नाही. उलट देखरेखीचा खर्च वाचून केवळ तेवढेच उरले.

८. शरीराचा हिशेब

घट्ट ओढीचा विचार आरोग्याला वगळून पूर्ण होत नाही. तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. त्यामुळे विडी पेटती ठेवण्यासाठी सिगारेटीपेक्षा अधिक वेळा आणि अधिक जोराने ओढावे लागते. विडीत तंबाखू कमी असूनही तिच्यातून मिळणारे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीहून कमी नसते, असे संशोधनांतून दिसून आले आहे. विडी जितकी घट्ट तितका हा जोर वाढतो. उंची सिगारही निरुपद्रवी नाही. धूर छातीत न घेताही तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. वळणाऱ्या स्त्रिया न ओढताही जर्द्याची धूळ श्वासावाटे आणि त्वचेवाटे घेतात. त्यामुळे या उद्योगाचे गौरवीकरण हा या निबंधाचा हेतू नाही. विडीची मागणी घटावी हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे. परंतु ती घटत असताना उरलेल्या कामाची मजुरी अधिक न्याय्य व्हावी, हे त्याहून वेगळे आणि तितकेच खरे आहे.

या दृष्टीने अलीकडचे दोन बदल नोंदविले पाहिजेत. १९७६ च्या कायद्यांनी विडीवरील उपकरातून कामगार कल्याण निधी निर्माण झाला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. १९६६ चा अधिनियमही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. केवळ विडी-सिगार कामगारांसाठी असलेला स्वतंत्र कायदा आता इतिहासजमा झाला आहे. अशा वेळी त्या कायद्यामागील अनुभवाची नोंद ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम ठरते.

निष्कर्ष

१) घट्ट ओढ हा हाताने वळलेल्या सर्व तंबाखू उत्पादनांचा समान दोष आहे. त्याची कारणे भरण, ओलावा आणि हाताळणी यांत असून वस्तू जितकी बारीक तितका तो अधिक संभवतो. म्हणजे सर्वांत स्वस्त असलेल्या विडीत निर्दोषपणाची अपेक्षा सर्वांत कठीण आहे, आणि तरीही तिथेच ती सर्वांत कठोरपणे केली गेली.

२) उंची सिगारच्या बाबतीत दोषाचा शोध वस्तू पूर्ण होण्यापूर्वी, यंत्राने आणि उत्पादकाच्या खर्चाने घेण्याकडे कल झाला. विडीच्या बाबतीत तो वस्तू पूर्ण झाल्यावर, नजरेने आणि कामगाराच्या खर्चाने घेतला गेला.

३) १९५८ ते १९७४ या काळातील अधिसूचना, न्यायनिर्णय आणि कायदा यांचा क्रम पाहता, महाराष्ट्रातील विडी कामगारांचे प्रश्न राष्ट्रीय कामगार कायद्याच्या घडणीत निर्णायक ठरले, असे म्हणता येते.

४) दोषाची जबाबदारी वाटून घेतली जाण्यासाठी केवळ नियम पुरेसा नसतो, कामगारांना एकत्र बसण्याची जागा लागते. हवाना आणि कण्णूर येथे ती होती. घरखात्यात ती उरली नाही.

सोलापूरलगतच्या महाविद्यालयांतील इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी वृद्ध विडी कामगार स्त्रियांच्या मौखिक आठवणी नोंदवून घेण्याचे काम हाती घेण्याजोगे आहे. त्यांत मजुरीच्या दरांबरोबरच रोजची छाट किती निघे, कोणत्या कारणाने निघे, पाऊस आणि वाईट पान यांच्या दिवसांत ती वाढे काय, नाकारलेल्या विड्यांचे पुढे काय होई, हे प्रश्न आवर्जून विचारले जावेत. ज्यांच्या घरी मजुरीची जुनी कार्डे आणि वह्या अद्याप जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्याकडील नोंदींची छायाचित्रे घेणे हे या कामाचे पहिले पाऊल ठरू शकेल. आमच्या तालुक्यातील अनेक विद्यार्थ्यांचे नातलग सोलापुरात आहेत; त्यामुळे या कामाची सुरुवात वर्गातूनच करता येण्यासारखी आहे.